घरातला कचरा कमी करायचा तर सुरुवात कुठून करायची? ओला डबा, पार्सलचे खोके आणि ड्रॉवरमधला जुना फोन

घरातला कचरा कमी करायचा म्हटलं की बहुतेक जण कापडी पिशवी, स्टीलची बाटली आणि बांबूचा टूथब्रश घेतात आणि मोकळे होतात. त्यात वाईट काही नाही. पण रोज सकाळी घंटागाडी आल्यावर आपण जो डबा रिकामा करतो, त्याचं वजन या खरेदीने फारसं हलत नाही. त्या डब्यात वजनाने सगळ्यात जास्त असतात भाजीची देठं, सालं, चहाचा चोथा आणि उरलेलं अन्न. आपल्याकडच्या शहरांच्या कचऱ्यात ओल्या कचऱ्याचा वाटा साधारण निम्मा असतो.

एखादं ॲप हळू चालत असेल तर आम्ही सॉफ्टवेअरवाले आधी कुठला भाग सगळ्यात जास्त वेळ खातोय ते बघतो आणि तिथेच हात घालतो. कचऱ्याचंही तसंच करायचं. क्रम साधारण असा येतो: आधी ओला कचरा, मग सुका, आणि मग वजनाने किरकोळ पण घातक असलेल्या वस्तू, म्हणजे बॅटऱ्या, औषधं, जुने फोन. या लेखात त्याच क्रमाने जाऊया.

आधी आठवडाभर मोजा

सामान तोलायचा हुकवाला छोटा डिजिटल काटा बऱ्याच घरांत असतो, प्रवासाची बॅग तोलायला घेतलेला. तोच काढा. सात दिवस ओला आणि सुका कचरा वेगळ्या पिशव्यांत ठेवा, टाकायच्या आधी तोला आणि फोनमधल्या नोट्समध्ये आकडा लिहा. शिवाय डबा रिकामा करण्यापूर्वी एक फोटो काढा. घरचे हसतील, हसू द्या.

आकड्यांपेक्षा फोटो जास्त बोलतात. सात फोटो एकापाठोपाठ बघितले की तीच ती वस्तू परत परत दिसते: रोजच्या दोन दुधाच्या पिशव्या, दर दोन दिवसांनी सडलेली कोथिंबीर, आठवड्यातून तीनदा मागवलेल्या जेवणाचे काळे प्लास्टिकचे डबे. प्रत्येक घराची यादी वेगळी निघते. इंटरनेटवरच्या "५० टिप्स" वाचण्यापेक्षा या यादीतल्या पहिल्या तीन गोष्टींवर काम केलं तर फरक लवकर दिसतो.

खरी अडचण: मिसळलेला कचरा

कोरडा पुठ्ठा हा माल आहे, रद्दीवाला त्याचे पैसे देतो. त्याच पुठ्ठ्यावर कालची आमटी सांडली की तो कुणालाच नको असतो. उलट बाजूनेही तेच. भाजीच्या सालांपासून खत होतं, पण त्यात शॅम्पूचे सॅशे आणि सेफ्टी रेझर असतील तर ते खत शेतकरी घेत नाही. दोन उपयोगी गोष्टी एकत्र केल्या आणि दोन्ही निरुपयोगी झाल्या, इतकं साधं आहे हे. डब्यात एकदा मिसळलेलं नंतर कुठल्याही मशीनने पूर्ण वेगळं होत नाही. झालं तरी ते काम बहुतेक वेळा माणसाच्या हातांनीच होतं.

ते हात कुणाचे? पुण्यात कचरावेचकांची "कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत" ही संघटना १९९३ साली उभी राहिली आणि त्यातूनच पुढे "स्वच्छ" ही कचरावेचकांची सहकारी संस्था आली. तिच्या सभासद ताई घरोघरी कचरा घेतात आणि त्यातला सुका माल वेगळा करून विकतात. ती विक्री हा त्यांच्या कमाईचा मोठा भाग आहे. म्हणजे आपण सुका कचरा ओला करून दिला की त्या ताईंचे पैसे थेट कमी होतात. आणि त्यात फुटलेली काच किंवा वापरलेली सुई असेल तर जखम वेगळीच.

जे वेगळं होत नाही ते डेपोवर जातं. मुंबईचं देवनार डम्पिंग ग्राउंड १९२७ पासून वापरात आहे. कचऱ्याच्या डोंगरात खाली दबलेल्या अन्नाला हवा मिळत नाही. हवेशिवाय कुजताना मिथेन वायू तयार होतो, आणि १०० वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. तो पेटतोही. जानेवारी २०१६ मध्ये देवनारला लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला होता. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीला गेला. तिथल्या गावकऱ्यांनी पाणी आणि दुर्गंधीच्या त्रासावरून अनेकदा गाड्या अडवल्या. तेव्हा "केळीची साल कुठेही टाकली तरी कुजतेच की" हे अर्धसत्य आहे. ती कशी कुजते यावर सगळं अवलंबून आहे.

वर्गीकरण हा ऐच्छिक उपक्रम नाही हेही लक्षात ठेवा. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असा तीन प्रकारे कचरा घरातच वेगळा करणं प्रत्येकावर बंधनकारक केलं.

ओला कचरा, भाग एक: अन्न वायाच जाऊ नये

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात भारतातल्या घरांमधून माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न वाया जातं असा अंदाज आहे. यात सालं, बिया असा न खाण्यासारखा भागही धरलेला आहे. तरी भागून बघा: दिवसाला माणशी १५० ग्रॅम. चौघांच्या घरात रोज ६०० ग्रॅम.

आपल्या स्वयंपाकघरात हे आधीपासून सांभाळलं जातंच. शिळ्या पोळीचा कुस्करा, रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी, दुधीच्या सालांची चटणी. आई किंवा आजी घरात असेल तर तिला हा लेख वाचायची गरज नाही. प्रश्न येतो तो रूम शेअर करणाऱ्या चार मुलांच्या फ्रिजमध्ये, जिथे प्रत्येकाने वेगळं दही आणलेलं असतं आणि कुणाचंच संपत नाही.

इथे फोन खरंच कामाला येतो. मंडईत जायच्या आधी फ्रिजचा एक फोटो काढून न्यायचा. दुकानात उभं राहिल्यावर "घरी टोमॅटो आहेत का" याचं उत्तर स्मरणशक्तीपेक्षा फोटो बरोबर देतो. रूममेट्सच्या ग्रुपवर एकच सामायिक यादी पिन करून ठेवा. आणि दहा मिनिटांत सामान आणणाऱ्या ॲप्सबद्दल एक निरीक्षण: मोफत डिलिव्हरीची रक्कम गाठायला जी शेवटची वस्तू कार्टमध्ये टाकतो, तीच बहुतेक वेळा डब्यात जाते.

पाकिटावरच्या तारखेचा गोंधळही बराच आहे. "बेस्ट बिफोर" म्हणजे त्या तारखेपर्यंत चव आणि दर्जा उत्तम राहील. ती उलटली म्हणजे पदार्थ लगेच विषारी झाला असं नाही. पाकीट नीट बंद असेल, वास-रंग ठीक असेल तर बिस्किटं किंवा पोहे दुसऱ्या दिवशी फेकायचं कारण नसतं. "यूज बाय" किंवा "एक्स्पायरी" मात्र सुरक्षिततेची तारीख आहे. ती उलटलेलं दूध, पनीर, मांस वापरायचं नाही, तिथे काटकसर नको.

ओला कचरा, भाग दोन: बाल्कनीतलं खत

सालं आणि देठं उरणारच. त्यांच्यासाठी रंगाचा वीस लिटरचा रिकामा डबा पुरतो. हार्डवेअरच्या दुकानात किंवा रंगाऱ्याकडे तो सहज मिळतो. घरी आणल्यावर स्वच्छ धुवायचा, बाजूंना आणि तळाला ड्रिलने किंवा तापवलेल्या सळईने भोकं पाडायची आणि खाली जुनं ताट ठेवायचं. महागड्या किटची गरज नाही. किटमध्ये मिळतो तो फक्त सुबक रंग.

हे चालतं कसं ते समजून घेतलं तर पुढचे सगळे उपाय आपोआप सुचतात. कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंना आणि बुरशीला चार गोष्टी लागतात: कार्बन, नायट्रोजन, पाणी आणि हवा. कार्बन हे त्यांचं इंधन, नायट्रोजन शरीर बांधायचा माल. एकाला २५ ते ३० या प्रमाणात, म्हणजे नायट्रोजनच्या २५ ते ३० पट कार्बन असेल तर काम सगळ्यात नीट चालतं. भाजीच्या ओल्या सालांत नायट्रोजन आणि पाणी जास्त असतं. वाळलेल्या पानांत उलट, कार्बन भरपूर आणि पाणी जवळजवळ नाही. म्हणून दोन्ही एकत्र करायचं. नुसती सालं डब्यात भरली की पाणी सुटतं, मधली हवा जाते, आणि आपल्या बाल्कनीत छोटं देवनार तयार होतं.

पद्धत अशी. तळाला नारळाच्या शेंड्या किंवा काटक्यांचा दोन-तीन इंचांचा थर द्या. त्यावर सोसायटीच्या आवारातला वाळका पालापाचोळा. रोजचा ओला कचरा बारीक चिरून टाका आणि दर वेळी तेवढाच किंवा थोडा जास्त पाला वरून पसरा. मापाचा हिशेब वजनाने करू नका, पाला हलका असतो. वाटीने करा, एक वाटी सालांना एक ते दीड वाटी पाला. पाला मिळत नसेल तर कोकोपीट चालतं, छपाई नसलेल्या तपकिरी पुठ्ठ्याचे तुकडेही चालतात. सुरुवातीला विरजण म्हणून मूठभर जुनं खत, कुंडीतली माती किंवा आंबट ताक घाला. दोन-तीन दिवसांनी एकदा काठीने वरखाली करा. झाकण ठेवा, पण घट्ट नाही.

ओलावा किती हवा याची परीक्षा हातानेच होते. मूठभर मिश्रण दाबलं की हात ओला व्हावा पण पाणी ठिबकू नये. पिळून ठेवलेल्या फडक्यासारखं.

बिघडलं तर काय करायचं? कुजका वास आला म्हणजे पाणी जास्त आणि हवा कमी, तेव्हा पाला वाढवा आणि ढवळा. मुंग्या लागल्या म्हणजे मिश्रण कोरडं आहे, पाणी शिंपडा. पांढरी बुरशी दिसली तर खूश व्हा, काम चालू आहे. पावसाळ्यात कधी कधी जाड, तपकिरी अळ्या होतात. बघून किळस वाटते हे मान्य, पण त्या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लायच्या असतात, कचरा झपाट्याने खातात आणि त्रास देत नाहीत. नकोच असतील तर ओला कचरा उघडा न ठेवता वर पाल्याचा जाड थर द्या. पावसाळ्यासाठी पाला उन्हाळ्यातच पोत्यात भरून ठेवा. जूनमध्ये कोरडा पाला शोधायला निघाल तर हात हलवत परत याल.

साधारण दोन-अडीच महिन्यांत खालचा थर काळपट, भुसभुशीत होतो आणि पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. डबा लवकर भरत नाही याचं आश्चर्य वाटेल. भाजीपाल्यात ८० ते ९० टक्के पाणीच असतं, ते उडून जातं. दोन डबे ठेवले की एक भरेपर्यंत दुसरा पिकतो.

काही गोष्टी यात घालू नका. हाडं, मासे, तेलकट रस्सा छोट्या डब्यात वास आणि उंदीर आणतात. करवंटी, आंब्याची कोय आणि मक्याचं कणीस कुजायला फार काळ घेतात. सफरचंदावरचा छोटा स्टिकर प्लास्टिकचा असतो, तो आधी काढा. चहाच्या पिशव्यांमध्येही अनेकदा प्लास्टिकचा धागा असतो. आणि "कंपोस्टेबल" लिहिलेल्या हिरव्या पिशव्या! त्या आपल्या डब्यात विरघळतील अशी अपेक्षा ठेवू नका. भारतात अशा पिशव्यांसाठी जे प्रमाणक आहे ते मोठ्या, तापलेल्या औद्योगिक कंपोस्ट प्रकल्पाच्या परिस्थितीसाठी आहे. बाल्कनीतल्या डब्यात तेवढी उष्णता तयारच होत नाही.

भाड्याच्या खोलीत बाल्कनीच नसेल तर सोसायटीकडे विचारा. ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांनी ओला कचरा शक्य तितका आवारातच जिरवावा असं २०१६ च्या नियमांनी सांगितलं होतं. त्यामुळे अनेक सोसायट्यांत खताचे हौद बांधलेले आहेत. पुष्कळदा ते झाकण लावून नुसते पडलेले असतात. सेक्रेटरी काकांना भेटून चालू करायला लावणं हे एका डब्यापेक्षा मोठं काम आहे.

सुका कचरा: काय विकलं जातं, काय नाही

इथे नियम सोपा आहे. जे एकाच पदार्थाचं बनलंय त्याला भाव आहे, जे चिकटवून-मिसळून बनलंय त्याला नाही. पाण्याची बाटली, पुठ्ठा, पत्र्याचा डबा, काचेची बाटली, वर्तमानपत्र हे सगळं भंगारवाला घेतो. चिप्सचं चकचकीत पाकीट मात्र प्लास्टिक आणि धातूच्या पातळ थरांचं असतं, थर सुटे होत नाहीत, म्हणून ते कुणी विकत घेत नाही. ज्यूसच्या खोक्यात कागद, प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम तिन्ही असतात, त्याला खास प्रकल्प लागतो.

प्लास्टिकच्या तळाशी त्रिकोणात १ ते ७ आकडा असतो. तो "रिसायकल होणारच" याची खूण नाही, प्लास्टिक कुठल्या जातीचं आहे एवढंच तो सांगतो. १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचं पेट, २ म्हणजे शॅम्पूच्या बाटलीचं जाड एचडीपीई, ५ म्हणजे जेवणाच्या पार्सलचे बरेचसे डबे, पॉलिप्रॉपिलीन. हे तीन धुऊन दिले तर सहसा पुढे जातात. ७ म्हणजे "इतर", त्यात काहीही असू शकतं. धुवायला ताजं पाणी नको, भांडी विसळलेलं पाणी पुरे.

दुधाच्या पिशवीबद्दल एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट. कोपरा कापताना तुकडा पूर्ण वेगळा करू नका, पिशवीलाच लटकता ठेवा. पिशवी गोळा होते, विकली जाते. तो बोटाएवढा तुकडा मात्र कुणीच उचलत नाही, तो गटारात जातो.

ऑनलाइन पार्सलचे खोके रद्दीत देण्याआधी लेबल काढा. त्यावर तुमचं नाव, पत्ता आणि अनेकदा मोबाईल नंबर असतो, आणि काय मागवलंत तेही. अशा माहितीवर "तुमच्या ऑर्डरचं रिफंड आलंय" म्हणून फोन करणारे भामटे जगतात. लेबल निघत नसेल तर त्याच्यावर हेअर ड्रायरची गरम हवा सोडून बघा. बरीच लेबलं थर्मल कागदाची असतात आणि उष्णतेने काळी पडतात. हीच गोष्ट दुकानाच्या गुळगुळीत बिलांची: ती थर्मल कागदाची असतात, त्यावर रसायनांचा लेप असतो, म्हणून ती रद्दीत किंवा खताच्या डब्यात टाकू नका. शक्य तिथे बिल फोनवरच मागा.

कपड्यांसाठी बोहारीण हा आपला जुना आणि चांगला मार्ग अजून आहे. आता हाक ऐकू येत नसेल तर निदान फाटके सुती कपडे फडकी म्हणून वापरा.

थोडंच पण घातक

सॅनिटरी पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात नीट गुंडाळून त्यावर पेनने मोठा लाल ठिपका काढायचा. पुण्यात कचरावेचकांनीच ही खूण रुजवली, म्हणजे वेचताना ते पाकीट उघडावं लागत नाही. अर्धा मिनिट लागतो. मेन्स्ट्रुअल कप जमत असेल तर तो काही वर्षं टिकतो आणि हा कचराच जवळजवळ संपतो. पण तो ज्याच्या त्याच्या सोयीचा प्रश्न आहे, त्यावरून कुणाला उपदेश करू नये.

फुटलेली काच आणि ब्लेड जाड पुठ्ठ्यात बांधून वर तसं लिहा. मुदत संपलेली औषधं बेसिनमध्ये ओतू नका, वेगळी ठेवून घातक कचऱ्यात द्या.

ई-कचरा: ड्रॉवरमधलं छोटं भंगार दुकान

आता आपल्या साइटच्या वाचकांचा खास विषय. जगभरात २०२२ मध्ये सुमारे ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के अधिकृतपणे गोळा होऊन रिसायकल झाला. उरलेल्यापैकी काही आपल्या ड्रॉवरमध्ये आहे: दोन बंद फोन, एक तुटका इअरफोन, चार चार्जर.

सगळ्यात उपयोगी सवय म्हणजे फोन जास्त वर्षं वापरणं. मोबाईलच्या पूर्ण आयुष्यात होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा बहुतांश भाग तो तयार होतानाच होऊन गेलेला असतो, तुमच्या रोजच्या चार्जिंगचा वाटा लहान असतो. आणि फोन "जुना झाला" असं वाटतं तेव्हा बऱ्याचदा फक्त बॅटरी म्हातारी झालेली असते. लिथियम-आयन बॅटरीला उष्णता आणि सतत १०० टक्के भरलेलं राहणं मानवत नाही. सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायचा पर्याय असेल तर चालू करा, गेम खेळताना चार्जिंग टाळा, उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर फोन ठेवू नका. क्षमता फार घसरली तर कंपनीच्या सेवा केंद्रात बॅटरी बदलून घ्या, नव्या फोनच्या मानाने खर्च थोडा असतो. कुठली कंपनी दुरुस्तीची काय माहिती देते ते केंद्र सरकारच्या "राइट टू रिपेअर" पोर्टलवर बघता येतं.

जुना फोन सीसीटीव्ही म्हणून लावायची कल्पना व्हिडिओंमध्ये छान वाटते. माझं मत विचाराल तर जपून. सुरक्षा अपडेट बंद झालेला फोन घरातल्या वायफायवर कायम जोडलेला असतो आणि थकलेली बॅटरी चोवीस तास चार्जरला लावलेली असते, म्हणजे फुगायचीच. तेवढ्यापेक्षा तो चालू स्थितीत कुणाला तरी वापरायला दिलेला बरा.

देण्याआधी मात्र क्रम पाळा. बॅकअप घ्या. ओटीपी देणारं ऑथेंटिकेटर ॲप असेल तर ते आधी नव्या फोनवर हलवा, नाहीतर स्वतःच्याच खात्यांबाहेर अडकाल. व्हॉट्सॲप हलवा, बँकेची आणि यूपीआयची ॲप्स काढा. सिम आणि मेमरी कार्ड बाहेर काढा. मग गूगल किंवा ॲपल खात्यातून साइन आउट करा. ही पायरी राहिली तर रीसेट झाल्यावरही फोन तुमच्या खात्याला लॉक राहतो आणि पुढच्या माणसाला तो फक्त वीट म्हणून उपयोगी पडतो. शेवटी फॅक्टरी रीसेट.

रीसेट केल्यावर फोटो खरंच जातात का? अँड्रॉइड १० किंवा त्यापुढच्या आवृत्तीसह बाजारात आलेल्या फोनमध्ये आणि आयफोनमध्ये माहिती एन्क्रिप्ट करूनच साठवलेली असते. रीसेटमध्ये ती उघडायची किल्ली नष्ट होते, मागे राहतो तो निरर्थक आकड्यांचा ढीग. फार जुन्या अँड्रॉइडमध्ये तसं असेलच असं नाही. तिथे सेटिंगमध्ये जाऊन आधी फोन एन्क्रिप्ट करा आणि मग रीसेट करा.

बंदच पडलेला फोन कुठे द्यायचा? भंगारवाल्याला देऊ नका असं मी सांगतो तेव्हा त्याच्यावर राग नसतो. पुठ्ठा-पत्र्यासाठी तोच सगळ्यात योग्य माणूस आहे. पण फोन त्याच्याकडून पुढे जातो तेव्हा बहुधा दिल्लीच्या सीलमपूरसारख्या ठिकाणी पोचतो, जिथे तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात आणि सोन्यासाठी सर्किट बोर्ड ॲसिडमध्ये बुडवले जातात. त्या धुरात काम करणाऱ्याला मास्कही नसतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार उत्पादक कंपन्यांवर ठराविक प्रमाणात ई-कचरा नोंदणीकृत रिसायकलरकडून रिसायकल करून घ्यायची जबाबदारी आहे. म्हणून फोनच्या कंपनीचं सेवा केंद्र किंवा तिच्या वेबसाइटवरचं ई-कचऱ्याचं पान हा पहिला पत्ता. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणीकृत रिसायकलर आहेत. पुण्या-मुंबईत ई-कचरा गोळा करायच्या मोहिमाही अधूनमधून होतात, सोसायटीच्या ग्रुपवर लक्ष ठेवा. चार्जरवर आणि इअरबड्सच्या डबीवर चाकांच्या कचरापेटीवर फुली असं छोटं चित्र असतं. त्याचा अर्थ इतकाच, की हे रोजच्या डब्यात टाकायचं नाही.

सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक देताना धातूच्या टोकांवर चिकटपट्टी लावा, म्हणजे गाडीत एकमेकींना लागून ठिणगी पडणार नाही. फोनची पाठ उचललेली दिसत असेल, म्हणजे बॅटरी फुगली असेल, तर तो लगेच बंद करा, चार्जिंगला लावू नका, दाबू नका, टाचणी टोचून हवा काढायचा प्रयत्न तर अजिबात नको. लाकडी ड्रॉवरमधून काढून वाळू घातलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवा आणि त्याच दिवशी सेवा केंद्रात नेऊन द्या.